हो म्हणायची शिकवण

आमच्या घरात जेवताना गुन्हे कबूल करायची पद्धत होती.

हसू नका. वाडग्यांत बाजरीची पेज वाढली, मध्ये खारवलेल्या मुळ्याची थाळी ठेवली, की माझी सासू पळी उगारायची आणि समोर बसलेल्या कुणावर तरी डाफरायची, "हान्से! माझ्या रांजणातलं आंबवण तू चोरलंस?"

हान्से म्हणजे माझा नवरा. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच गडी, पण घास तोंडात असतानाच कपाळ जमिनीला टेकवायचा. "हो आई, चोरलं. मनात पाप आलं. जीव घेतलास तरी योग्यच आहे."

सासू त्याच्याकडे बघत राहायची. तो तसाच ओणवा. पेज निवून जायची. मग ती बोळकं उघडून खो खो हसायची आणि हान्से उठून बसायचा. ती हसली की खेळ संपला, माणूस सुटला. तोवर मान वर करायची नाही. 'हो' आधी म्हणायचं, विचार मागाहून करायचा, आणि 'पण' हा शब्द तर जिभेवर येऊच द्यायचा नाही.

आंबवण कुणीच चोरलेलं नसायचं, हे सांगायला नकोच.

मला हा खेळ कधी जमला नाही. "सॉल्मे, भट्टीचं सरपण शेजारणीला तू दिलंस?" असं तिने विचारलं रे विचारलं, की माझ्या तोंडातून बाहेर पडायचं, "नाही हो आई, मी कशाला देऊ?" लगेच पळी डोक्यात. "भवाने, तुझ्या ह्या 'नाही'पायी एक दिवस माझा पोरगा जाईल!" हान्से गालातल्या गालात हसायचा. आमची बोमी तेव्हा नुकती चालायला लागली होती, तीसुद्धा आजीने डोळे वटारले की कपाळ टेकायची आणि "हो" म्हणायची. तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता. 'हो' होता.

आम्ही मूळचे छॉंगजूचे, दक्षिणेकडचे. तिथे बोरं लालभडक होतात आणि थंडीलासुद्धा माणुसकी आहे. मी लहान होते तेव्हा एका राजाने निम्मा मुलूख जिंकला आणि उत्तरेला, चॉरवॉनच्या उघड्या माळावर, त्याला राजधानी हवीशी वाटली. राजधानीला तट लागतो, महाल लागतो, तो बांधता येतो. माणसंही लागतात. ती त्याने आमच्या गावातून उचलली. हजार घरं, एका हुकमासरशी.

हान्सेचा बाप कौलं करायचा. निघताना त्याने घरातली एकच वस्तू पाठीला बांधली, कौलांचा साचा. पिंपाएवढं लाकडी नळकांडं होतं ते. त्याच्याभोवती मळलेला चिखल गुंडाळायचा, फळीने थापटायचा, साचा ओढून काढायचा, आणि चिखल सुकत आला की त्याच्या उभ्या चार फोडी करायच्या. चार फोडींची चार कौलं. "माती कुठेही मिळेल," तो म्हणायचा, "आजोबांचा साचा कुठून आणू?" आमची दोन्ही घरं एकाच वस्तीतली, त्यामुळे वाटभर मी आणि हान्से त्या साच्यामागून चालत होतो. पावसाची सर आली की बाप साचा उतरवून आम्हा दोघांना त्यात बसवायचा आणि वरून चटई टाकायचा. म्हणून तर लग्नानंतरही मी नवऱ्याला अरे-तुरे करायची. सासूला ते मुळीच खपत नसे.

आता सगळे म्हणतात, तो राजा पहिल्यापासूनच वेडा होता. साफ खोटं. आमचा त्याच्यावर जीव होता. तो पूर्वी मठात भिक्षू होता, त्याचा एक डोळा गेलेला होता, आणि लढाईवर असताना तो शिपायांच्या वाडग्यातली पेज प्यायचा. लूट मिळाली की वाटा सगळ्यांना सारखा. चॉरवॉनला पोचलो त्या दिवशी तो घोड्यावरून समोरून गेला आणि माझी सासू रस्त्यात बसून रडली. "आपल्यासारखंच भोगलंय गं त्याने," म्हणाली. तिथली जमीन काळ्या, भोकाभोकांच्या दगडांची. कुदळ मारली की ठिणगी उडायची. तरी माणसं कामाला लागली. आमच्या भट्ट्या विझत नव्हत्या. एका पावसाळ्यात महालाचं छप्पर उभं राहिलं. हिवाळ्यात माळावर करकोचे उतरले तेव्हा वाटलं, पाखरांनाही कळलंय इथे राजधानी झाली ते.

हान्सेचा बाप त्याच छपरावरून पडला. मरताना म्हणाला, "मला इथेच पुरा, पण साचा घरी न्या." घर म्हणजे छॉंगजू. सासूने तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस साचा घरी जाईल आणि तिचा एकुलता एक मुलगा तो पाठीवर घेऊन जाईल. बाकी तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

मग राजाला नावं बदलायची हौस लागली. राज्याचं आधी एक नाव होतं, ते माजिन झालं, मग थेबोंग झालं. प्रत्येक वेळी कौलांवरचा शिक्का बदलायचा आणि भाजून ठेवलेला माल खडीत जायचा. सासू म्हणायची, "पोराचं बारसं एकदाच करतात. ह्याचं राज्य अजून पाळण्यातच आहे वाटतं." हे ती हळू बोलायची. मागाहून तेवढंही बोलेनाशी झाली.

कारण राजाला माणसांच्या मनातलं दिसायला लागलं होतं. तो सोन्याचा मुकुट घालून फिरायला लागला, पुढे भिक्षूंच्या रांगा मंत्र म्हणत चालायच्या, आणि येणारा बुद्ध तो मीच असं तो सांगायचा. भर दरबारात एखाद्याकडे बोट करायचा. "तुझ्या मनात माझ्याविषयी पाप आलं. मी पाहिलं." तो माणूस नाही म्हणाला, की तो राजाला खोटारडा ठरवत होता. आणि राजा तर खोटा असू शकत नव्हता.

आमच्या शेजारी चिल्बू नावाचा खोगीरवाला होता. तोही छॉंगजूचाच, हजार घरांतला. महालावर खोगीर पोचवायला गेला आणि त्याच्याकडे बोट झालं. चिल्बू मेंढरासारखा गरीब. शपथा घेत राहिला, नाही महाराज, नाही महाराज, माझ्या मनात काही नाही. त्याच्या बायकोला त्याची टोपी तेवढी परत मिळाली.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट शहरभर झाली. एका मोठ्या सरदारावर राजाने असंच बोट ठेवलं, काल तू माणसं जमवून माझ्याविरुद्ध कट केलास म्हणाला. सरदार नाही म्हणणार तेवढ्यात शेजारच्या लेखनिकाने मुद्दाम कुंचला खाली पाडला, आणि तो उचलायला वाकताना त्याच्या कानात कुजबुजला, हो म्हणा, नाहीतर संपलात. सरदाराने लोटांगण घातलं. "हो महाराज. कट केला. मला मारा." राजा त्याच्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. "हा खरा माणूस," म्हणाला, आणि सोन्याने मढवलेलं खोगीर देऊन त्याला घरी पाठवलं.

खोगीरवाला नाही म्हणून मेला, आणि सरदार हो म्हणून खोगीर घेऊन आला. माझ्या सासूला धडा शिकायला दोनदा सांगावं लागत नसे. त्याच संध्याकाळी तिने पळी उगारली आणि आमच्या घरातला खेळ सुरू झाला. हळूहळू सगळी गल्ली तो खेळायला लागली. जेवणाच्या वेळी गल्लीतून गेलं तर घराघरातून कबुलीजबाब ऐकू यायचे आणि त्यामागून हसणं. परक्याला वाटलं असतं, काय सुखी वस्ती आहे.

आणि खेळ कामी आला. नंतरच्या पावसाळ्यात महालाच्या गोदामात पाणी गळलं, तेव्हा तिथला कारभारी चार शिपाई घेऊन आमच्या भट्टीवर आला. हान्सेपुढे उभा राहून म्हणाला, "महाराजांच्या धान्यावर पाणी पडावं म्हणून तू तडकलेली कौलं दिलीस."

कौलं तडकलेली नव्हती. उंदरांनी कौलांखालची माती उकरली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. माझ्या तोंडात 'नाही' आलंच होतं, सासूने माझ्या पायावर पाय दिला.

हान्से ओणवा झाला. "हो मालक. मनात पाप आलं. जीव घेतला तरी योग्यच आहे."

कारभारी बघत राहिला. मग तो हसला, हान्सेच्या पाठीवर थाप मारली, आणि जाताना शिपायाकडून सुक्या माशांची एक माळ देववली. सासूने ती आम्हाला खाऊ दिली नाही. भट्टीच्या खांबाला बांधून ठेवली. मी तिच्याशी वाद घातला की ती पळीने माशांकडे दाखवायची. "ते बघ. 'हो'चे मासे. तुझ्या 'नाही'ने आजवर एक बोंबील तरी आणलाय का घरात?"

मी कितीही फटकळ असले तरी हान्से जिवंत होता, आणि तो तिच्यामुळे होता.

राजाने शेवटी राणीला मारलं, स्वतःच्या मुलांना मारलं. जवाच्या सुगीच्या दिवसांत एका सकाळी महालाचे दरवाजे आतूनच उघडले. सरदार उलटले होते. राजा फाटके कपडे घालून डोंगरात पळाला, आणि भुकेने खाली उतरून कुणाच्या तरी शेतात जवाची कणसं खुडताना सापडला. लोकांनी त्याला तिथेच मारलं. कणसांसाठी. ज्याने कधी काळी शिपायांची पेज प्यायली होती, त्याला कणसांसाठी. मला वाईट वाटलं. ते कुणाला सांगायची सोय नव्हती, पण वाटलं.

आमच्या गल्लीत कुणी नाचलं नाही की कुणी रडलं नाही. आता कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर द्यायचं, तेच अजून कळलं नव्हतं.

मग नवा राजा कोण ते कळलं. सोन्याच्या खोगिराचा तोच सरदार. माझी सासू अंगणात नाचायचीच काय ती राहिली. "बघ, सॉल्मे, बघ! हो म्हणणारा आज गादीवर बसला! आणि तू मला शिकवायला निघालीस!" त्याच दिवशी तिने हान्सेला साचा घासायला बसवलं. नव्या राजाचं मन ह्या माळात रमणार नाही, त्याची माणसं सोंगाकची, समुद्राकडची, तो राजधानी तिकडे नेईल, असं सगळेच बोलत होते. इथे कौलं कुणाला हवी होती? हान्सेने साच्याला तेल लावलं, तळाशी आणि पाठीला अडकवायला दोरखंड बांधला आणि अंगणात उभा करून ठेवला. मजुरीचं धान्य पदरात पडलं की निघायचं. बोमीला त्याने साच्यात बसवून पाहिलं. नेमकी मावली.

तिथेच माशी शिंकली. आमच्या छॉंगजूचे काही शिपाई नव्या राजाविरुद्ध बंड करायला म्हणून गावाकडे पळायच्या बेतात होते. ते पकडले गेले. आम्हाला त्यांची नावंही ठाऊक नव्हती, पण आम्ही एका गावचे. गल्लीगल्लीतून छॉंगजूच्या पुरुषांना चौकशीला बोलावणं आलं. आमच्या गल्लीचा क्रम भट्टीजवळच्या खळ्यावर लागला.

सकाळी सासूने खांबावरची माशांची माळ सोडली आणि माझ्या हातात दिली. "भिजत घाल. संध्याकाळी लागतील."

मी हान्सेला घरामागे गाठलं. "हे बघ, ही नवी माणसं आहेत. विचारतील ते खरं सांग. सरळ नाही म्हण."

"चिल्बू सरळ नाहीच म्हणाला होता."

"तो राजा मेला, हान्से!"

"राजा मेला. प्रश्न तोच आहे ना?" त्याने माझ्या डोक्यावरचं फडकं नीट केलं. "आणि आता तर गादीवर बसलाय तोच हो म्हणून वाचलाय. त्याला नाही कळणार तर कुणाला कळेल? तू काळजी नको करू. फक्त तेवढं तोंड आवर."

खळ्यावर चटई टाकून एक अधिकारी बसला होता. तिशीचा, सोंगाकच्या बोलीतला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते, आणि म्हणताना माझे दात आवळले जातात. त्याने म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं. सगळ्यांना पाणी पाजलं. म्हणाला, "घाबरू नका. मागचे दिवस गेले. नव्या महाराजांना खरं बोलणारी माणसं हवीत." आमच्या गल्लीने ते ऐकलं आणि सगळ्या माना एकदम डोलल्या. खरं बोलणारा माणूस म्हणजे काय, हे आम्हाला चांगलंच माहीत होतं.

हान्सेला पुढे बोलावलं. अधिकाऱ्याने विचारलं, "तुमच्या अंगणात सामान बांधून ठेवलंय. त्या पळणाऱ्या शिपायांबरोबर तुम्ही जाणार होता का? त्यांच्या कटात होता?"

हान्से ओणवा झाला. किती सफाईने झाला! रोजची सवय. "हो मालक. होतो. मनात पाप आलं. जीव घेतला तरी योग्यच आहे."

अधिकारी दचकला. त्याने शेजारी उभ्या शिपायाकडे पाहिलं. मग पुढे झुकून, भल्या माणसासारखा म्हणाला, "बाबा रे, नीट विचार कर. तुला कुणी मारहाण केलेली नाही. खरंच होतास का? नसशील तर नाही म्हण. मी मानेन."

अहो, असं कुणी कधी म्हणालं होतं आम्हाला? म्हणूनच तर हान्सेने तो सापळा समजला. तो अजून खाली वाकला. "विचार करूनच बोलतोय मालक. होतो."

"नाही!" मी ओरडले. "नाही हो! तो नव्हता! आम्ही नुसते घरी निघालो होतो! बंडबिंड आम्हाला काही माहीत नाही!"

सासूने मागून माझ्या तोंडावर हात दाबला. म्हाताऱ्या हाताला एवढं बळ कुठून आलं देव जाणे. "मारशील त्याला! मारशील, कैदाशिणी!" ती माझ्या कानात म्हणत होती. मी तिच्या हाताला चावले. रक्त आलं तरी तिने तो काढला नाही.

अधिकारी उभा राहिला. "बाई नाही म्हणतेय. तू हो म्हणतोयस. मी कुणाचं धरू?"

आणि हान्सेने, माझ्या हान्सेने, मान न उचलता सांगितलं, "ती वेडी आहे, मालक. तिचं ऐकू नका. मी होतो. होतोच." माझ्या 'नाही'मुळे आपला जीव जाईल, अशी भीती होती त्याच्या आवाजात. आणि माझाही जाईल, अशी. मला वाचवत होता तो.

अधिकारी त्याच्याकडे बघत राहिला. हे बघत राहणं आमच्या ओळखीचं होतं. सासूची माझ्या तोंडावरची पकड किंचित सैल झाली, कारण आता पुढे काय होतं ते तिला माहीत होतं. तिचे ओठ आधीच उघडले होते. हान्सेने हळूच मान थोडी वर केली. मला त्याचा अर्धा चेहरा दिसला. घामाने डबडबलेला, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू जमा झालेलं, समोरचा हसला की आपणही हसायला बरं म्हणून. वाट बघत होता तो. आम्ही सगळेच बघत होतो.

तो अधिकारी हसला नाही.

त्याने हाताने खूण केली आणि शिपायांनी हान्सेचे हात मागे बांधले. तरीही हान्सेच्या चेहऱ्यावरून ते हसू जाईना. दोर आवळला तेव्हा त्याने आईकडे पाहिलं. लहान मूल ओळ विसरलं की आईकडे बघतं, तसं.

तेव्हा सासूला कळलं. ती धावत जाऊन अधिकाऱ्याच्या पायांना मिठी मारून बसली. "मी शिकवलं मालक! मीच शिकवलं! खोटं आहे ते! आमच्याकडे सगळे असंच म्हणतात! विचारा ना, कुणालाही काहीही विचारा, हो म्हणतील! तुमचा राजा, तुमचा राजासुद्धा हो म्हणूनच वाचला ना? त्याने कट केला होता का? मग? त्याला खोगीर आणि माझ्या पोराला दोर?"

अधिकाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने खाली वाकून, आजूबाजूच्या शिपायांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिला म्हटलं, "आजी, हे परत बोलू नका. हे बोललात तर मला तुम्हालाही न्यावं लागेल."

त्याला सगळं कळलं होतं. पण गादीवरच्या माणसाची ती गोष्ट त्याने कुठल्या तोंडाने पुढे पाठवायची होती? कबुली मात्र पाठवता येत होती. ती सगळ्यांच्या देखत झाली होती.

नदी तिथे काळ्या कड्यांमधून खोल वाहते. हान्सेला त्या कड्यावर नेलं. आम्हाला जाऊ दिलं नाही. संध्याकाळी घरी आलो तर मासे पाण्यात फुगून मऊ झाले होते.

धान्य यायची वाट आम्ही बघितली नाही. बंडखोराच्या बायकामुलांना पकडून गुलाम करतात, पण आमच्या दाराकडे कुणी फिरकलं नाही. त्या अधिकाऱ्याने तेवढी पाठ फिरवली असावी. साचा मी पाठीला बांधला. बोमी त्यात बसली. सासू मागून चालत होती. वाटेत कुणी विचारलं, कुठल्या हो तुम्ही, तर ती माझ्याकडे बघायची. कोणत्याही प्रश्नाला तोंड उघडायची तिने धास्तीच घेतली होती.

पुढच्या वर्षी नवा राजा खरंच सोंगाकला गेला. चॉरवॉनच्या महालाची कौलं लोकांनी उतरवून नेली म्हणे. आता त्या माळावर नुसता मातीचा तट आहे आणि हिवाळ्यात करकोचे. एवढ्यासाठी आमची हजार घरं उपटली.

छॉंगजूला आल्यावर कौलं मीच करायला लागले. बाईने साच्याला हात लावू नये असं गावात म्हणत. म्हणोत बापडे. फळीने चिखल थापटताना मला कुणाकुणाचे चेहरे दिसायचे, ते सांगत नाही. सासूशी मी कामापुरतं बोलायची. पेज वाढली, फडकं धू, बोमीला घे. मी चावलेला हात तिने कधी माझ्यासमोर झाकला नाही, की दाखवला नाही. पळी तिने पुन्हा उचलली नाही. जेवताना बोमी आशेने आजीकडे बघायची, आता ती काहीतरी विचारेल म्हणून. मग बघायची थांबली. असं बरंच चाललं. राग माझ्या पोटात आंबवणासारखा मुरत गेला. तो सोडायचा असतो हे मला कळत होतं. सोडवत नव्हता.

परवा, बोरं वाळत घातली होती त्या दुपारी, तिने मला हाक मारली. हल्ली ती उठत नव्हती. चुलीची ऊब खालून येते त्या कोपऱ्यात पडून असायची. मी हात धुऊन आत गेले.

"सॉल्मे, मला विचार," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"हान्सेला मी मारलं का, ते विचार."

"आई, पडून राहा. उगीच नको ते—"

"विचार गं. तू कधी खेळलीच नाहीस. आज खेळ."

मी तिच्याकडे बघितलं. किती लहान झाली होती ती! मी विचारलं. "आई, माझ्या नवऱ्याला तू मारलंस?"

ती धडपडत कुशीवर वळली. कोपरांवर उठली. मी सावरायला गेले तर तिने हात झटकला. ते सगळं तिचं तिलाच करायचं होतं. कपाळ जमिनीला टेकलं.

"हो," ती म्हणाली. "मारलं. मनात..." तिथे ती अडली. मनात पाप आलं, असं पुढे म्हणायचं असतं. पण तिच्या मनात पाप कुठे होतं? "जीव घेतलास तरी योग्यच आहे," एवढंच ती म्हणाली.

आणि मान वर केली नाही. वाट बघत राहिली.

तिची पांढरी मान माझ्यासमोर होती. खळ्यावर हान्सेची अशीच होती. एवढ्या वर्षांचा राग अजून होताच. आणि एक समजलं, की त्या दिवशी तिथे जी एक गोष्ट घडायला हवी होती आणि घडली नाही, ती आज माझ्या हातात होती. चॉरवॉनचा तो वेडा राजा जे करत होता, तो भला अधिकारी जे करू शकला नाही, ते.

मी हसले. आधी नुसताच घोगरा आवाज आला, भट्टीत ओलं लाकूड फुटल्यासारखा. मग मी जोर लावून हसले. तिच्यासारखी खो खो हसले, हान्सेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. सासूची पाठ गदगदायला लागली. मी तिला उचलून नीट निजवलं, तेव्हा तिच्या बोळक्या तोंडावर सुटलेल्या माणसाचं हसू होतं. त्या हसण्यातच ती गेली.

बोमी बोरांची सुपली हातात घेऊन धावत आली. आमच्या घरात हसण्याचा आवाज तिने किती वर्षांनी ऐकला असेल! दारात थबकून तिने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "तू रडतेयस?"

"नाही," मी म्हटलं.